टोकन देण्याआधीचे पंधरा दिवस

घर घेतलेल्या कुणालाही 'हेच घर का घेतले' असे विचारले, तर तो भाव, परिसर, बांधकामाचा दर्जा, मुलांची शाळा अशी कारणे ओळीने सांगतो. ही कारणे खोटी नसतात, पण बहुतेक वेळा ती नंतर सुचलेली असतात. निर्णय होतो तो रविवारी सकाळी अकराच्या सुमारास सॅम्पल फ्लॅटच्या बाल्कनीत, जेव्हा समोर टेकडी दिसते, वारा येतो आणि घरातले कुणीतरी सहज बोलून जाते, "इथे झोपाळा छान दिसेल." त्यानंतर हाती येणारी प्रत्येक माहिती माणूस झोपाळ्याच्या बाजूची आणि झोपाळ्याच्या विरुद्धची अशी वाटून घेतो, आणि विरुद्ध बाजूची माहिती फारशी वाचत नाही.

घर आवडण्यात गैर काहीच नाही. ज्या चार भिंतींत वीस-पंचवीस वर्षे काढायची त्या मनाला भावल्याच पाहिजेत. मात्र आधी आवडून मग तपासलेले घर आणि आधी तपासून मग आवडलेले घर यांत पुढे पुष्कळ फरक पडतो. पुणे आणि आसपासच्या भागात नव्या प्रकल्पातील फ्लॅट घेऊ पाहणाऱ्या, पगारावर कर्ज काढणाऱ्या कुटुंबाने घरशोधाची सुरुवात आणि टोकनचा, म्हणजे घर राखून ठेवण्यासाठीच्या आगाऊ रकमेचा, धनादेश यांच्यामध्ये किमान पंधरा दिवस ठेवावेत. ते कसे वापरावेत, हे येथे सांगायचे आहे.

हा आग्रह चटका बसल्यानंतरचा आहे. घरबांधणी व्यवसायाचे नियमन करणारा रेरा कायदा येण्यापूर्वी आमच्या पहिल्या घराच्या वेळी, दसऱ्याच्या दिवशी, 'आजचा भाव उद्या मिळणार नाही' एवढ्या एका वाक्यावर आम्ही ५१,००० रुपयांचा धनादेश लिहून दिला. पुढच्याच आठवड्यात कळले की इमारतीच्या मागून विकास आराखड्यातला रुंद रस्ता जाणार आहे आणि आमची बाल्कनी नेमकी त्याच बाजूला आहे. टोकन परत मिळणार नाही, असे पावतीच्या मागे बारीक अक्षरांत छापलेले होते. मग चार महिने आम्ही स्वतःचीच समजूत घालत राहिलो: रस्ता काही लगेच होत नाही, झालाच तर भाव वाढेल, खिडक्यांना जाड काचा बसवता येतील. ५१,००० रुपये वाचवण्यासाठी आपण साठ लाखांचा निर्णय रेटायला निघालो आहोत, हे एका मावसभावाने कागदावर मांडून दाखवले, तेव्हा कुठे आम्ही त्यातून बाहेर पडलो. पैसे गेले ते गेलेच.

आधी घरातल्या घरात

पहिले तीन दिवस एकही साइट पाहू नये. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने वेगळ्या कागदावर, एकमेकांना न दाखवता, नव्या घराकडून आपल्याला काय हवे ते लिहावे. एकत्र बसून चर्चा केली की ज्याचा आवाज मोठा त्याची यादी तयार होते, म्हणून हे वेगवेगळे लिहिणे महत्त्वाचे आहे. माझ्या बहिणीच्या घरी हा प्रयोग केला, तेव्हा मेहुण्यांच्या कागदावर दोन गाड्यांचे पार्किंग, व्यायामशाळा आणि हिंजवडीचा रस्ता होता. बहिणीच्या कागदावर चालत जाता येईल असे पाळणाघर आणि स्वयंपाकघराला लागून ड्राय बाल्कनी होती. तिच्या सासूबाईंनी एकच ओळ लिहिली होती: "लिफ्ट बंद पडली तर मला चढता येईल असा मजला." त्या वेळी चौदाव्या मजल्यावरच्या फ्लॅटची बोलणी जवळजवळ पुरी झाली होती आणि त्यांना कुणी विचारलेच नव्हते.

सगळे कागद समोर ठेवून 'याशिवाय चालणार नाही' आणि 'असल्यास बरे' असे दोन भाग करावेत. पहिल्या भागात चारपेक्षा जास्त गोष्टी असू नयेत, कारण बारा अटी लावणारा माणूस शेवटी थकून एकही अट न पाळणारे घर घेतो. वास्तुशास्त्राबद्दलचा आग्रहही याच दिवशी, उघडपणे नोंदवावा. ते मानावे की न मानावे हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. पण सहाव्या भेटीनंतर, कर्जाची फाइल बँकेत गेल्यावर, 'दार दक्षिणेला आहे' असे थोरल्या काकांनी म्हणायचे आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे, हे कुणालाच परवडत नाही.

खर्चाची वरची रेघ

यानंतर पैशांचा हिशेब करावा, आणि तोही साइट पाहण्याआधीच. बहुतेक कुटुंबे 'हप्ता किती बसेल' या एकाच प्रश्नाने मर्यादा ठरवतात. अडचण मात्र हप्त्याआधीच, स्वतःच्या खिशातून एकरकमी किती घालावे लागतील, येथे येते.

बांधकाम चालू असलेल्या ६५ लाखांच्या फ्लॅटचे उदाहरण घेऊ. त्यावर ५ टक्के जीएसटी म्हणजे ३ लाख २५ हजार. पुणे महापालिकेच्या हद्दीत मुद्रांक शुल्क अधिभारांसह ७ टक्के, म्हणजे ४ लाख ५५ हजार. घर फक्त स्त्रीच्या किंवा स्त्रियांच्या नावावर घेतल्यास १ टक्का सवलत मिळते, पण पतीचे नाव जोडले की ती जाते. नोंदणी शुल्क ३०,००० रुपये. एकूण ७३ लाख १० हजार. अशा फ्लॅटसाठी रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच कर्ज मिळू शकते आणि त्या किमतीत मुद्रांक व नोंदणीचा खर्च धरला जात नाही. ६५ लाखांचे ८० टक्के म्हणजे ५२ लाख. उरलेले २१ लाख १० हजार स्वतःचे हवेत, आणि त्यात सोसायटीचा आगाऊ मेंटेनन्स, वकिलाची फी, स्वयंपाकघरातली कपाटे, पंखे आणि पडदे अजून आलेलेच नाहीत. हा आकडा पाहून ज्यांच्या पोटात गोळा येईल, त्यांनी तो सॅम्पल फ्लॅट पाहण्याआधी येऊ द्यावा. किंमत ४५ लाखांपर्यंत आणि पुण्यात कार्पेट, म्हणजे घराच्या आतले वापरायचे क्षेत्र, ९० चौरस मीटरपर्यंत असेल तर जीएसटी १ टक्का आहे, आणि पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या इमारतीत तो लागतच नाही. हे दोन्ही फरक काही लाखांचे असल्याने तुलना करताना विसरू नयेत.

आता हप्ता. ५२ लाखांचे कर्ज २० वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी घेतले तर महिना सुमारे ४५,१०० रुपये बसतात. व्याजदर साडेनऊ झाला तर तोच हप्ता सुमारे ४८,५०० होतो. हप्ता तितकाच ठेवून मुदत वाढवली, तर सुरुवातीलाच झालेली ही एका टक्क्याची वाढ वीस वर्षांची पावणेसव्वीस वर्षे करते. बँका सहसा मुदत वाढवतात आणि ग्राहकाला ते वर्षभर लक्षातही येत नाही. म्हणून परवडणारा हप्ता ठरवताना आजच्या दराऐवजी आजच्या दरापेक्षा एक टक्का जास्त दर धरावा. घर तयार होईपर्यंत चालू घराचे भाडे आणि उचललेल्या कर्जावरचे व्याज या दोन्हींचा भार एकाच पगारावर पडणार असतो, तोही या कागदावर लिहावा. शेवटी एक आकडा निघेल. त्याखाली रेघ ओढून घरातल्या सगळ्यांनी सही करावी. हे नाटकी वाटेल. पण साइट ऑफिसात 'फक्त चार लाख तर वाढतायत' असे वाक्य कानी येते तेव्हा हा सह्यांचा कागद उपयोगी पडतो.

गैरसोयीच्या वेळी भेट

साइट ऑफिस ज्या वेळी बोलावते ती वेळ त्याच्या सोयीची असते. रविवारी सकाळी वाघोलीचा रस्ता मोकळा असतो, वाकडचा पूल रिकामा असतो आणि सेल्समन 'पंधरा मिनिटांत ऑफिस' म्हणतो ते त्या वेळी खरेही असते. तोच प्रवास मंगळवारी सकाळी साडेआठला, ज्या वाहनाने रोज जायचे त्याच वाहनाने करून पाहावा. एकदा रात्री दहानंतर जाऊन जवळचे मंगल कार्यालय, हॉटेल, रस्त्यावरचे दिवे आणि एकट्या बाईने रिक्षातून उतरून चालत यावे असे वातावरण आहे का, हे पाहावे. एकदा पावसात जावे.

पावसाचे तर पुणेकरांना वेगळे सांगायला नको. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासला धरणातून विसर्ग झाला आणि सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरले. तेथे राहणाऱ्या अनेकांनी घर घेताना नदीकाठ हा गुण म्हणूनच पाहिला असणार. नदीच्या पूररेषा आखलेल्या असतात: निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. 'रिव्हर व्ह्यू' म्हणून जास्त भाव मागितला जात असेल, तर त्या भूखंडाच्या नकाशावर या दोन रेषा दाखवण्याची मागणी करावी. विकास आराखड्यात त्या भूखंडाभोवती कोणते रस्ते आणि कोणती आरक्षणे आहेत, हेही त्याच बैठकीत विचारावे. आमची बाल्कनी आठवावी.

पाण्याचा प्रश्न मात्र सेल्स ऑफिसात विचारून उपयोग नाही. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली, पण हद्द वाढल्याबरोबर नळाला पाणी येत नाही. शेजारच्या, दोन-तीन वर्षे राहत्या असलेल्या सोसायटीच्या फाटकावर जाऊन सुरक्षारक्षकाशी बोलावे. मी एकदा बावधनच्या पुढे अशाच एका फाटकावर उभा होतो. तिथल्या सुरक्षारक्षक काकांनी वही उघडून दाखवली. त्यात टँकर आत आल्याची वेळ, गाडीचा क्रमांक आणि चालकाची सही होती. एप्रिलच्या एका पानावर एकाच दिवसाच्या अकरा नोंदी होत्या. "महापालिकेचं येतं की साहेब," ते म्हणाले, "अर्धा तास येतं." त्या सोसायटीचा मेंटेनन्स जाहिरातीतल्या आकड्याच्या दुप्पट का होता, हे त्या वहीने एका मिनिटात सांगितले. टँकरचा खर्च फ्लॅटच्या किमतीत कुठेच दिसत नाही आणि राहायला गेल्यावर दर महिन्याला दिसतो.

टेप घेऊन सॅम्पल फ्लॅटमध्ये

सॅम्पल फ्लॅट हे घर नसते, घराचे नेपथ्य असते. बेडरूमला दार बसवलेले नसते, त्यामुळे दार उघडायला लागणारी जागा डोळ्यांना मोकळी दिसते. पलंग नेहमीपेक्षा आखूड असतो, कपाट उथळ असते, एका भिंतीला आरसा असतो आणि दिवसाही सगळे दिवे चालू असतात. म्हणून पंधरा फुटी टेप, वही आणि घरातल्या सामानाची मापे घेऊन जावे.

एकच उदाहरण पुरे. बेडरूम १० फूट गुणिले ११ फूट आहे. आपला पलंग ६ फूट रुंद आणि साडेसहा फूट लांब आहे. तो १० फुटी भिंतीला मधोमध लावला, तर दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट उरतात. समोरच्या भिंतीला २ फूट खोल कपाट केले, तर पलंग आणि कपाट यांच्यामध्ये अडीच फूट राहतात. कपाटाचे दीड-दोन फुटी दार उघडले की उभे राहायला जागा नाही. तेथे सरकत्या दाराचे कपाट करावे लागेल. मुलाचे अभ्यासाचे टेबल या खोलीत बसत नाही, हे आत्ताच कळले. हेच काम स्वयंपाकघरात फ्रिज, गॅस आणि सिंक यांच्यासाठी करावे आणि फ्रिजचे दार पूर्ण उघडते का ते पाहावे. सेल्समन थोडा अस्वस्थ होतो, होऊ द्यावा.

मग क्षेत्रफळ. रेरा कायदा लागू झाल्यापासून विक्री कार्पेट क्षेत्रावर होणे बंधनकारक आहे. तरी बोलताना 'सेलेबल', म्हणजे जिना-लॉबीसारख्या सामाईक जागांचा वाटा मिळवून फुगवलेले क्षेत्र, हा शब्द अजून ऐकू येतो, कारण त्यामुळे दर कमी वाटतो. ६५ लाखांचा फ्लॅट 'सेलेबल ९८० चौरस फूट' म्हटला की चौरस फुटाला सुमारे ६,६०० रुपये पडतात. त्याचेच कार्पेट ७०० चौरस फूट असेल, तर दर सुमारे ९,३०० होतो. पैसे तेवढेच, फ्लॅटही तोच. रेराच्या व्याख्येत आतल्या भिंतींची जागा कार्पेटमध्ये धरली जाते, पण बाल्कनी आणि उघडी गच्ची धरली जात नाही. काही जण बाल्कनी मिळवून 'टोटल कार्पेट' सांगतात, म्हणून दोन प्रकल्पांची तुलना करताना कार्पेट आणि बाल्कनी वेगवेगळ्या रकान्यांत, चौरस मीटरमध्ये लिहून घ्यावीत. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट.

भाव कशाशी ताडून पाहावा

अॅरिझोनातील टुसॉन शहरात ग्रेगरी नॉर्थक्राफ्ट आणि मार्गारेट नील या अभ्यासकांनी केलेला एक प्रयोग १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच घराची सर्व माहिती विद्यार्थ्यांना आणि व्यावसायिक मालमत्ता दलालांना देऊन घराची योग्य किंमत ठरवायला सांगितले. फरक एवढाच की वेगवेगळ्या गटांना मालकाने मागितलेली किंमत वेगवेगळी सांगितली होती. ज्यांना वरचा आकडा सांगितला त्यांचा अंदाज वर गेला, खालचा सांगितला त्यांचा खाली आला. दलालांचेही तसेच झाले, आणि मागितलेल्या किमतीचा आपण विचार केला हे त्यांच्यापैकी फार थोड्यांनी मान्य केले. रोज घरे विकणाऱ्यांची ही गत, तर आयुष्यात एकदा घर घेणाऱ्याचे काय होणार?

साइट ऑफिसातल्या कॉस्ट शीटवर, म्हणजे किमतीचा तपशील मांडलेल्या कागदावर, हेच घडते. वर ७४ लाख छापलेले असतात, त्यावर काट मारून पेनाने ६८ लिहिले जाते आणि मुहूर्तासाठी म्हणून ते ६६ होते. गिऱ्हाईक आठ लाख वाचले म्हणून समाधानाने उठतो, पण ७४ हा आकडा कुठून आला, हे विचारत नाही. त्यावर उपाय असा की कॉस्ट शीट हातात येण्यापूर्वी आपला आकडा आपण तयार ठेवावा. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च या सोयीत गाव, वर्ष आणि मिळकत क्रमांक टाकून झालेल्या दस्तांची सूची क्रमांक दोन, म्हणजे आपण ज्याला इंडेक्स टू म्हणतो ती, पाहता येते. त्याच प्रकल्पात किंवा शेजारी गेल्या वर्षभरात नोंदलेले चार-पाच व्यवहार काढून त्यांचा कार्पेटवरचा दर काढावा. तो खरा बोललेला भाव असतो. वार्षिक मूल्यदर तक्ता, म्हणजे रेडी रेकनर, मुद्रांक शुल्कासाठी आहे. बाजारभाव म्हणून त्यावर विसंबू नये.

कागद

मोफत पारदर्शकता म्हणावी अशी एकच जागा आहे, ती म्हणजे महारेराचे, रेरा कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाचे, संकेतस्थळ, आणि ते उघडून न पाहणारे लोक अजूनही भेटतात. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड देणे बंधनकारक आहे. तो मोबाइलने टिपला की प्रकल्पाचे पान उघडते. तेथे मूळ पूर्णत्वाची तारीख आणि मुदतवाढीनंतरची तारीख आधी पाहावी. सेल्समन तोंडी सांगतो ती पझेशनची तारीख आणि पानावरची तारीख यांत वर्षा-दीड वर्षाचा फरक आढळला, तर पानावरची खरी मानावी. किती सदनिका विकल्या गेल्या हा आकडाही तेथे असतो. 'फक्त दोनच उरलेत' या वाक्याची परीक्षा जागच्या जागी होते. न्यायालयीन दावे, जमिनीवरचा बोजा आणि विकासकाचे आधीचे प्रकल्प हे तिथेच सापडते. ज्या प्रकल्पाला महारेरा क्रमांकच नाही आणि 'प्री-लाँच' म्हणून पैसे मागितले जात आहेत, तेथून उठून यावे. महारेरा नोंदणीआधी जाहिरात करणे किंवा बुकिंगची रक्कम घेणे हेच कायद्याविरुद्ध आहे.

यापलीकडचे काम वकिलाचे आहे: सातबारा किंवा मिळकत पत्रिका, फेरफार, किमान ३० वर्षांचा शोध अहवाल, अकृषिक परवानगी, मंजूर नकाशा आणि बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र. 'अमुक बँकेने प्रकल्प मंजूर केला आहे, मग वकील कशाला' असे सांगितले जाते. बँकेचा वकील बँकेच्या पैशाची काळजी घेतो; आपला वेगळा असावा. प्रारंभ प्रमाणपत्र किती मजल्यांपर्यंत आहे हे मात्र स्वतःच वाचावे, कारण विसाव्या मजल्यावरचा फ्लॅट विकला जात असताना मंजुरी चौदाव्यापर्यंतच असू शकते.

जुने घर घेत असाल तर भोगवटा प्रमाणपत्र, आधीच्या सर्व करारांची साखळी, भाग प्रमाणपत्र, थकबाकी नसल्याचे सोसायटीचे पत्र आणि सोसायटीच्या नावे जमिनीचे अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स) झाले आहे का, एवढे आधी पाहावे. ते झालेले नसेल तर पुढे पुनर्विकासाच्या वेळी त्रास होतो. बाकी जुन्या घराचा मोठा फायदा असा की तेथे सॅम्पल नसते. ओल आहे की नाही ते भिंतच सांगते.

शेवटचे तीन दिवस

पंधरा दिवसांच्या शेवटी हाती तीनपेक्षा जास्त पर्याय असू नयेत. तिन्ही घरे 'याशिवाय चालणार नाही' या यादीतल्या चार अटींवर तपासावीत आणि एकही अट मोडणारे घर, झोपाळा कितीही छान दिसत असला तरी, बाजूला काढावे. मग उरलेल्यांत बिनदिक्कत मनाचा कौल घ्यावा. ही वेळ आवडीनिवडीसाठीच राखलेली आहे. एक सोपी कसोटी मी सगळ्यांना सांगतो: निवडलेल्या घराविरुद्धची तीन कारणे घरातल्या प्रत्येकाने बोलून दाखवावीत. एकही कारण सुचत नसेल, तर घर निर्दोष नाही, आपण ते नीट पाहिलेले नाही.

या दिवसांत फोन वाढतात. आज संध्याकाळपर्यंतची ऑफर, दुसऱ्या पार्टीचे टोकन, पाडव्याचे सोन्याचे नाणे. पितृपक्ष संपून नवरात्र सुरू झाले की हा ओघ किती वाढतो हे ज्यांनी घर शोधले त्यांना ठाऊक आहे. एक फ्लॅट हातचा गेलाच, तर थोडी चुटपुट लागते; पुण्यात फ्लॅटचा दुष्काळ पडलेला नाही. उलट महिनाअखेर आणि तिमाहीअखेर सेल्स ऑफिसाला आकडा गाठायचा असतो, त्या आठवड्यात सोळावा दिवस येईल असे पाहिले तर बोलणी आपल्या बाजूने झुकू शकतात. भाव कमी होत नसेल तर पार्किंग, मजल्याची वाढीव आकारणी किंवा आगाऊ मेंटेनन्सचा काळ यांवर बोलावे.

टोकन देताना पावतीऐवजी वाटपपत्र (अलॉटमेंट लेटर) मागावे. महारेराच्या नमुना वाटपपत्रानुसार पहिल्या पंधरा दिवसांत आरक्षण रद्द केल्यास कपात होत नाही आणि त्यानंतर ती टप्प्याटप्प्याने वाढते. दिलेल्या पत्रात हा तक्ता तसाच आहे का, ते वाचावे. करारनामा नोंदवण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम मागता येत नाही. महाराष्ट्राच्या नमुना करारात सर्व स्लॅब पूर्ण होईपर्यंत ७० टक्क्यांपर्यंत रक्कम घेण्याची मुभा आहे, म्हणजे भिंती, फरशी, लिफ्ट बाकी असताना आपले बहुतेक पैसे गेलेले असतात. आपल्या करारातले टप्पे याहूनही पुढे ओढलेले असतील तर तेथेच थांबवून दुरुस्त करून घ्यावेत. व्यवहार ५० लाख किंवा त्याहून मोठा असेल तर विकासकाला द्यायच्या प्रत्येक रकमेतून १ टक्का टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा प्राप्तिकर, आपणच कापून भरायचा असतो, आणि बँक हप्ता परस्पर देते म्हणून ही जबाबदारी टळत नाही.

धनादेशावर सही करण्यापूर्वी एवढे करावे: कॉस्ट शीटच्या खाली कार्पेट क्षेत्र चौरस मीटरमध्ये, बाल्कनी वेगळी, पार्किंगचा क्रमांक व मापे आणि महारेराच्या पानावरची पूर्णत्वाची तारीख हाताने लिहावी आणि समोर बसलेल्या अधिकाऱ्याची त्याखाली सही व शिक्का घ्यावा. तो 'हे सगळं अॅग्रीमेंटमध्ये येतंच' असे म्हणाला, तर मग इथे लिहायला हरकत नसावी, असे हसून सांगावे आणि पेन त्याच्याकडे सरकवावे.